जगाच्या जत्रेत वऱ्हाडचा कापूस



आज जत्रेविषयी बोलायचं आहे. पोहरादेवीची रामनवमीची यात्रा किंवा लोणीच्या सखाराम महाराजांची यात्रा आपल्या सगळ्यांच्या पायाखालची आहे. आजची जत्रा जगाची आहे. तिला वर्ल्ड फेअर म्हणतात, आता एक्स्पो म्हणतात, आणि पुस्तकात जागतिक प्रदर्शन असं लिहितात. २०२५ साली जपानच्या ओसाका शहरात ती भरली होती. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सहा महिने. भारताचाही मंडप तिथं होता. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी मोबाईलवर पाहिला असेल.

आमच्या गटाच्या बैठकीत त्यावरून बोलणं निघालं, तेव्हा एकीनं सरळ विचारलं, ‘‘बाई, एवढा पैसा घालून हे सगळे देश तिथं जातात तरी कशाला? अन् आपलं त्यात काय?’’ प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर शोधायचं तर पावणेदोनशे वर्षं मागं जावं लागतं. आणि तिथं गेलं की आपल्याच वावरातली पराटी भेटते.

पहिली मोठी जागतिक जत्रा लंडनमध्ये १८५१ साली भरली. त्याआधी फ्रान्समध्ये १७९८ पासून अशी प्रदर्शनं भरत होती, पण त्यात फक्त त्यांच्याच देशाचा माल असे. सगळ्या देशांना बोलावून भरवलेलं हे पहिलं. १ मे १८५१ ला राणी व्हिक्टोरियानं ते उघडलं. राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट या कामात पुढं होता. हाइड पार्क नावाच्या बागेत लोखंड आणि काचेचा एक प्रचंड महाल उभारला होता. लोक त्याला क्रिस्टल पॅलेस म्हणू लागले. नकाशा काढणारा माणूस होता जोसेफ पॅक्स्टन. हा मूळचा माळी. झाडांसाठी काचेची घरं बांधता बांधता त्यानं माणसांसाठी काचेचा महाल बांधला. साडेपाच महिन्यांत साठ लाखांवर वेळा लोकांनी आत पाऊल टाकलं. सुरुवातीला तिकीट महाग होतं, पण काही आठवड्यांनी आठवड्यातले काही दिवस एक शिलिंगात प्रवेश ठेवला, आणि मग गिरणीकामगार, शेतमजूर, मोलकरणी, सगळे रेल्वेनं लंडनला लोटले. कित्येकांनी लंडन पहिल्यांदा पाहिलं ते या जत्रेमुळं. जत्रेतून नफाही मोठा झाला. त्या पैशातून लंडनच्या दक्षिण केन्सिंग्टन भागात आज दिसतात ती संग्रहालयं उभी राहिली.

तिथं काय होतं? यंत्रं होती, कापणीचं अमेरिकन यंत्र होतं, कापड, काचसामान, घड्याळं, पुतळे. आणि हिंदुस्थानचा विभाग होता. तो ईस्ट इंडिया कंपनीनं मांडला होता. कोहिनूर हिरा पिंजऱ्यात ठेवला होता. दोनच वर्षांपूर्वी, १८४९ मध्ये, तो पंजाबच्या बालराजा दुलीपसिंगाकडून घेतला होता. पाहणाऱ्यांची मात्र निराशा झाली, हिरा चमकेचना. मग पुढच्या वर्षी त्याला पुन्हा पैलू पाडले. हत्तीवरची चांदी-सोन्याची अंबारी होती, पण हत्ती काही हिंदुस्थानातून नेलेला नव्हता. इंग्लंडमधल्याच एका छोट्या गावच्या संग्रहालयातून पेंढा भरलेला हत्ती उसना आणला आणि त्याच्यावर अंबारी चढवली. आपल्याकडं वरातीत दुसऱ्याची घोडी आणतात, त्यातला प्रकार.

लोक हत्तीभोवती आणि हिऱ्याभोवती गर्दी करून होते. कापडाच्या गिरण्यांचे मालक मात्र दुसरीकडं पाहत होते. प्रदर्शनात कच्च्या मालाचा एक वेगळा भागच होता. तिथं डाळी, तेलबिया, नीळ, डिंक, लाख, आणि कापूस. हिंदुस्थानच्या वेगवेगळ्या मुलखांतला कापूस.

ही गोष्ट नीट समजून घेऊ, कारण जत्रेचं खरं काम इथं दिसतं. मँचेस्टरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस तेव्हा अमेरिकेतून येत होता, तोही गुलामांच्या श्रमावर पिकलेला. एकाच देशावर एवढं अवलंबून राहायचं म्हणजे धोका, हे गिरणीवाल्यांना कळत होतं. दुसरीकडं कुठं कापूस पिकतो, धागा लांब की आखूड, कचरा किती, भाव काय, हे त्यांना पाहायचं होतं. जहाजानं महिनोन् महिने हिंडून पाहण्यापेक्षा एका छताखाली सगळ्या जगाचे नमुने मांडलेले केव्हाही बरे. आपण धान्याच्या बाजारात मूठभर ज्वारी तळहातावर घेऊन दाणा पाहतो ना, तसं त्यांनी सगळं जग तळहातावर घेतलं होतं.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५३ मध्ये, हैदराबादच्या निजामानं वऱ्हाड कंपनीच्या हवाली केलं. आपलं वाशीमही त्यात आलं. इंग्रज त्याला बासिम लिहीत. कागदावरचं कारण कर्जाचं होतं, निजामाच्या नावानं ठेवलेल्या फौजेचा खर्च थकला होता. प्रदर्शनामुळं वऱ्हाड गेलं असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं खोटं होईल. पण काळ्या जमिनीचा कापसाचा मुलूख आपल्या हाती येतोय हे घेणाऱ्यांना पुरतं माहीत होतं.

मग १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. चार वर्षं तिथला कापूस अडकला. इकडं वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाड ओलांडून १८६७ ला नागपूरला पोचली. खामगावला खास कापसासाठी फाटा टाकला, तो १८७० ला सुरू झाला. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या भागातल्या कापसाला नाव पडलं ‘ऊमरा’. उमरावतीवरून, म्हणजे अमरावतीवरून. गाठीला गावाचं नाव मिळालं. ज्या बाईनं ओटी बांधून, काट्याकुट्यातून बोंडं सोलून तो वेचला, तिचं नाव गाठीवर यायचा प्रश्नच नव्हता.

आता दुसरी गोष्ट, कापडाची. ही मला जास्त लागते.

जॉन फोर्ब्स वॉटसन नावाचा एक अधिकारी लंडनमध्ये होता. हिंदुस्थानचा माल गोळा करणं, मांडणं, त्याची माहिती लिहिणं हे त्याचं काम. १८६६ मध्ये त्यानं एक अजब पुस्तक काढलं. अठरा जाड खंड, आणि त्यात छापील चित्रं नव्हती. खऱ्या कापडाचे तुकडे कापून चिकटवलेले होते. सातशे तुकडे. पातळं, धोतरं, पागोटी, चोळीचे खण, उपरणी, मलमल. प्रत्येकाखाली लिहिलेलं, हे किती लांब, किती रुंद, वजन किती, कुठं विणलं, कशासाठी वापरतात. असे वीस संच केले. तेरा इंग्लंडच्या कापडाच्या शहरांत आणि तिकडच्या इतर ठिकाणी ठेवले, सात हिंदुस्थानात पाठवले. वॉटसन या संचांना फिरती संग्रहालयंच समजत होता. प्रदर्शन सहा महिन्यांत संपतं, हे कपाटात कायमचं राहणार.

हेतू त्यानं लपवला नाही. हिंदुस्थानातल्या बायका काय नेसतात, काठ केवढा लागतो, पदर कसा असतो, कोणत्या रंगावर कोणता रंग चालतो, हे मँचेस्टरच्या गिरणीवाल्याला हातात धरून कळावं, म्हणजे तो तसंच कापड यंत्रावर काढून इथं विकेल. आपल्या आजीच्या आजीनं निवडलेला काठ, तिची आवड, कोष्ट्यानं चार पिढ्यांत बसवलेली वीण, हे सगळं मोजपट्टी लावून एका खंडात चिकटलं. ज्याच्याकडून तुकडा घेतला त्याला त्या एका कापडाचे पैसे मिळाले असतील. नमुन्याचे कोण देतं?

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्या प्रदर्शनात स्टॉल लावतात त्यांना हे ओळखीचं वाटेल. आमच्या गटाला एकदा एक गृहस्थ भेटले. प्रत्येक वस्तूचं एकेक पाकीट घेतलं, चटणीत जवस किती, तीळ किती, किती दिवस टिकते, पाकीट कुठून आणता, सगळं वहीत लिहून घेतलं. आम्ही खूश. मोठी ऑर्डर येणार म्हणून फोनकडं डोळे. ती ऑर्डर काही आली नाही. वर्षभरानं तीच चटणी, तशाच पाकिटात, दुसऱ्याच नावानं दुकानात दिसली. तेव्हापासून आम्ही नमुना देतो, प्रमाण सांगत नाही.

वऱ्हाडात पुढं काय झालं तेही ऐका. इंग्रज सरकारनं मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापसाचा एक खास कमिशनर नेमला होता, रिव्हेट-कार्नाक त्याचं नाव. १८६० च्या दशकाच्या शेवटी त्यानं आपल्या अहवालात जे मांडलं ते थोडक्यात असं : रेल्वे आली की विलायती कापड इथं स्वस्तात येईल आणि गावठी कापड मागं पडेल. मग इथं सूतकताईत खपणारा कापूसही विलायतेला जाईल, आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीला मोकळे होतील. त्याला ही आशेची गोष्ट वाटत होती.

कातणारे हात म्हणजे कोण? कातणं हे बायांचं काम होतं. घरचं आवरून, पोरं निजवून, पेळू घ्यायचा आणि चरख्यावर बसायचं. विधवा बाईला, घराबाहेर पडता येत नसलेल्या बाईला चार पैसे त्यातून मिळत. ते गेलं आणि ती उन्हात दुसऱ्याच्या वावरात वेचणीला गेली. तिला कुणी काढून टाकलं नाही, नोटीस दिली नाही. बाजारातून सुताचं गिऱ्हाईक तेवढं नाहीसं झालं. इतिहासाच्या पुस्तकात याला ‘हातमाग उद्योगाचा ऱ्हास’ असं म्हणतात, आणि परीक्षेत दोन गुणांना विचारतात.

जत्रेत वस्तू मांडता मांडता माणसंही मांडायला सुरुवात झाली होती. लांब कशाला, आपल्या शेजारचीच गोष्ट घ्या. नागपूर ही तेव्हा मध्य प्रांताची राजधानी. तिथं डिसेंबर १८६५ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत कला, कारागिरी आणि शेतमालाचं मोठं प्रदर्शन भरलं. लंडनची लहान बहीणच म्हणा. पुढच्याच वर्षी, १८६६-६७ मध्ये, जबलपूरला असंच प्रदर्शन झालं. तिथं प्रांतातल्या आदिवासी जमातींची माणसं आणून उभी केली होती. त्यांना निरखून अहवाल लिहायला एक समिती होती. तो अहवाल छापला गेला, आणि त्याच्या नावातच या माणसांना ‘नमुने’ म्हटलंय. कापसाला जो शब्द, तोच.

लंडनमध्ये १८८६ ला वसाहतींचं आणि हिंदुस्थानचं प्रदर्शन झालं. तिथं हिंदुस्थानी कारागीर लोकांसमोर बसून काम करत. विणकर, गालिचेवाले, कुंभार. पाहणाऱ्यांना वाटे, हे पिढीजात कारागीर त्यांच्या गावातून आलेत. त्यातले चौतीस जण आग्र्याच्या तुरुंगातून नेले होते, तिथंच त्यांनी ही कामं शिकली होती. बक्षीराम नावाचा एक म्हातारा कुंभार होता, त्याचं वय एकशे दोन सांगत. राणीनं आपल्या चित्रकाराकडून यांची चित्रं काढून घेतली. चित्रं फार सुंदर आहेत, आजही राजवाड्याच्या संग्रहात आहेत. त्याच प्रदर्शनात त्रैलोक्यनाथ मुखर्जी नावाचे बंगाली अधिकारी कामाला गेले होते. परत येऊन त्यांनी प्रवासवर्णन लिहिलं. आपण प्रदर्शन पाहायला आलो तर लोक आपल्यालाच प्रदर्शन समजून न्याहाळतात, हा अनुभव त्यांनी मोठ्या मिस्कीलपणे सांगितला आहे. शिकलेला, सरकारी हुद्द्यावरचा माणूस, त्याची ही गत.

बायांचं काय, असं तुम्ही विचाराल. अमेरिकेत शिकागो इथं १८९३ ला फार मोठी जत्रा भरली. स्वामी विवेकानंदांचं ते प्रसिद्ध भाषण याच जत्रेच्या निमित्तानं भरलेल्या सर्वधर्म परिषदेत झालं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच परिषदेत पुण्याच्या सोराबजी घराण्यातली जीन सोराबजी हिंदुस्थानातल्या स्त्रियांविषयी बोलली, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्या जत्रेत स्त्रियांच्या कामासाठी वेगळी इमारत होती. तिचा नकाशा सोफिया हेडन नावाच्या मुलीनं काढला. ती तेव्हा जेमतेम विशीतली. पुरुष रचनाकारांना जे मिळालं त्याच्या मानानं तिला फारच थोडे पैसे दिले, आणि वर इतके बदल सुचवले की तिची तब्येत बिघडली. जोसेफीन कॉक्रन नावाच्या बाईनं बनवलेलं भांडी घासायचं यंत्रही तिथं होतं. आणि होय, आपल्या यात्रेतला आकाशपाळणा! लाकडी, हातानं फिरवायचे छोटे पाळणे आपल्याकडं जुने आहेत, पण लोखंडाचा तो अवाढव्य चाकासारखा पाळणा पहिल्यांदा शिकागोच्या या जत्रेत फिरला. जॉर्ज फेरिसनं बांधलेला, २६४ फूट उंच, छत्तीस डबे, एकेका डब्यात साठ माणसं.

नंतर पॅरिस, १९०० साल. एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत पाच कोटींवर लोक आले. सरकते रस्ते, विजेचे दिवे, काय नि काय. हे वाचताना मला राहून राहून आपल्याकडचं १९०० आठवतं. १८९९ ला पाऊस गेला आणि वऱ्हाडात भयंकर दुष्काळ पडला. पॅरिसला दिवे लागले होते तेव्हा इथल्या बाया सरकारी कामावर खडी फोडत होत्या. कापूस पिकवणारा मुलूख, पण कापूस खाता येत नाही. ज्वारीखालची जमीन कापसाखाली जात गेली की आईच्या कणगीत काय राहणार?

आता मधली चाळीस-पन्नास वर्षं भरभर ओलांडते. जत्रा एवढ्या वाढल्या की देशांना खर्च झेपेना. १९२८ मध्ये पॅरिसला देशांनी मिळून एक करार केला आणि कुणी, केव्हा, किती दिवस अशी जत्रा भरवायची याचे नियम ठरवले. आजचे एक्स्पो त्याच नियमानं भरतात. हळूहळू हेतूही बदलला. आधी माल दाखवून गिऱ्हाईक गाठायचं होतं. पुढं यंत्रांनी भरलेला उद्याचा काळ दाखवायचा होता. आणि आता बहुतेक देश स्वतःचं नाव मोठं करायला जातात. महायुद्धानंतर अमेरिका आणि रशिया यांची चुरस तर अगदी स्वयंपाकघरापर्यंत गेली. जुलै १९५९ मध्ये मॉस्कोला अमेरिकेचं प्रदर्शन होतं. तिथं मांडलेल्या नमुन्याच्या स्वयंपाकघरात उभं राहून अमेरिकेचे उपाध्यक्ष निक्सन आणि रशियाचे क्रुश्चेव्ह भांडले, कुणाच्या देशात बाईचं काम जास्त हलकं झालंय म्हणून. दोघांपैकी कुणी रोज भांडी घासत असेल असं वाटत नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिल्लीला एक जत्रा भरली. माझ्या आजच्या बोलण्याचं खरं कारण ती आहे, कारण ती आपल्या वऱ्हाडी माणसानं घडवून आणली. डॉ. पंजाबराव देशमुख. भाऊसाहेब.

भाऊसाहेबांचं गाव पापळ, अमरावती जिल्ह्यात, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं. आपल्या कारंज्याहून फार दूर नाही. जन्म १८९८ चा. शेतकऱ्याचं पोर एडिनबरो आणि ऑक्सफर्डला शिकलं, बॅरिस्टर झालं, वेदवाङ्मयावर प्रबंध लिहिला. परत येऊन अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रहात उतरले. विमलाबाईंशी जात ओलांडून लग्न केलं. विमलाबाई स्वतः कायदा शिकलेल्या, पुढं राज्यसभेत गेल्या. १९३२ ला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. आज आपल्या भागात शिकलेलं कुठलंही घर घ्या, कुणीतरी शिवाजी शाळेतलं सापडतंच. स्वातंत्र्यानंतर ते अमरावतीतून लोकसभेवर गेले आणि नेहरूंच्या मंत्रिमंडळात त्यांनी शेतीचं खातं सांभाळलं. शेतकऱ्यांची देशभर एक संघटना हवी म्हणून १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापला.

या कृषक समाजानं जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. ११ डिसेंबर १९५९ ला दिल्लीत, मथुरा रोडवरच्या मैदानात ते सुरू झालं. पुढं त्याच भागाला प्रगती मैदान म्हणू लागले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद होते, नेहरू होते, आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर खास आले होते. अमेरिकेच्या मंडपावर सोनेरी घुमट होते. मिनोरू यामासाकीनं तो बांधला, त्यानंच पुढं न्यूयॉर्कचे जुळे मनोरे बांधले. मंडपाचं घोषवाक्य चार शब्दांचं होतं : अन्न, कुटुंब, मैत्री, स्वातंत्र्य. रशियाचा मंडपही होता. ज्याचं नांगरट-यंत्र मोठं त्याचं राज्य चांगलं, अशी दोघांची स्पर्धा.

अन्न हा शब्द पहिला का होता? कारण आपल्याकडं धान्य कमी पडत होतं. १९५६ पासून अमेरिकेचा गहू करारानं येत होता. पुढं तिकडची लाल ज्वारीही आली. मिलो म्हणायचे तिला. १९७२ च्या दुष्काळात ती खाल्लेल्या बाया अजून आपल्यात आहेत, तिच्या भाकरीविषयी त्यांना विचाराच. तेव्हा अमेरिकेच्या त्या सोनेरी घुमटाखाली मैत्री होती, तशी गिऱ्हाईकीही होती. मला वाटतं, भाऊसाहेबांना हे दिसत नव्हतं असं नाही. ज्या माणसानं जपानी पद्धतीची भातलागवड देशभर पोचवायला जिवाचं रान केलं, त्याला दुसऱ्याकडून काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते कळत होतं.

शंभर वर्षांचा इतिहास डोळ्यांसमोर ठेवला की या जत्रेतला फरक कळतो. १८५१ ला वऱ्हाडासारखे मुलूख टेबलावर होते आणि पाहणारे भोवती फिरत होते. १९५९ ला टेबलावर अमेरिकेची यंत्रं, रशियाची यंत्रं, खतं, बियाणं. आणि भोवती फिरणारा, हात लावून पाहणारा, हे आपल्या दीड एकरात चालेल का असं विचारणारा भारतातला शेतकरी. ज्याला आजवर नमुना म्हणून मोजलं, तो परीक्षक झाला. तेव्हा महाराष्ट्र राज्यही व्हायचं होतं, आपलं वाशीम अकोला जिल्ह्यात होतं, गावात वीज नव्हती. त्या काळात जगाला दिल्लीत बोलावून शेतकऱ्याला दाखवायचं, ही कल्पना मंत्रालयातल्या खुर्चीत बसून सुचण्यासारखी नव्हती, ती वावरातून आलेल्या माणसाची होती.

एक उणीव राहिली, तीही सांगायला हवी. शेतकरी म्हटलं की धोतर-टोपीतला पुरुष, हे चित्र त्या काळी सगळीकडं होतं. निंदण, वेचणी, बियाणं राखणं, उडीद-मूग निवडणं ज्या करत होत्या त्या ‘कुटुंब’ या शब्दात गेल्या. अन्न, कुटुंब, मैत्री, स्वातंत्र्य, त्यातल्या दुसऱ्या शब्दात. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला शेतकरी म्हणायला आजही कार्यालयात अडखळतात, मग १९५९ चं काय सांगावं.

भाऊसाहेब १० एप्रिल १९६५ ला गेले. चार वर्षांनी अकोल्याला कृषी विद्यापीठ झालं, त्याला त्यांचं नाव आहे. दिल्लीच्या मैदानात मंडप उठले, नवे आले. १९७२ ला आशियाई व्यापार मेळा झाला, १९८० पासून दरवर्षी नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरतो. मुंबईला ‘उमेद’चं महालक्ष्मी सरस भरतं, तिथं जिल्ह्याजिल्ह्यातून गटाच्या बाया जातात. तिथं स्टॉल लागला म्हणजे तुमच्या टेबलावर तुमचा माल असतो आणि टेबलामागं तुम्ही स्वतः असता. १८५१ ला कापसामागं कुणी नव्हतं. पाकिटावर गटाचं नाव, गावाचं नाव, तालुका, फोन ठळक छापा. आणि दुपारी तासभर एकीला स्टॉलवर बसवून बाकीच्या सगळ्या जत्रा फिरून या. दुसऱ्या जिल्ह्यातली बाई तीच चटणी कशी बांधते, भाव काय लावते, ते पाहा. विकायला गेलेली बाई चार दिवस स्टॉलच्या खुर्चीला चिकटून बसते आणि काही न पाहता घरी येते, असं फार होतं.

आता एक काम सांगते. १९५९-६० च्या हिवाळ्यात दिल्लीचा तो कृषी मेळा पाहायला आपल्या भागातून कुणी गेलं असेल, तर आज ते पंच्याऐंशी-नव्वदीचे असतील. तुमच्या घरात, शेजारी, नात्यात असं कुणी असेल, आजोबा असोत की आजी, तर त्यांना विचारा. कसे गेले, भाडं कुणी दिलं, कुठं उतरले, काय पाहिलं, घरी येऊन काय करून पाहिलं, आणि घरातल्या बाया का गेल्या नाहीत. जुना फोटो, तिकीट, पत्रक काही असेल तर जपून ठेवा. बुधवारी आणि शनिवारी दुपारी आपलं केंद्र उघडं असतं. त्यांना येणं जमत नसेल तर आम्ही रेकॉर्डर घेऊन घरी येऊ.